बाटली ज्याची त्याने आणावी

"अगं, हिंदुस्थानातल्या औषधांचं भवितव्य यापुढे लंडनला ठरणार नाही. मुंबईलाही ठरणार नाही. ते सांगलीत ठरेल, आणि सांगलीतही आपल्या परसात!"

गंगाधरपंत घैसासांनी हे वाक्य उलट्या घमेल्यावर उभं राहून, हातातला झारा उंच धरून उच्चारलं. साल त्रेचाळीस. झाऱ्यावरून काढ्याचे चार थेंब त्यांच्या टकलावर पडले, पण इतिहास घडत असताना माणूस टक्कल पुसत नाही.

"ठरू दे की," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "पण त्याआधी माझं घंगाळ मोकळं करा. सकाळपासून घरात कुणाची अंघोळ नाही."

"त्या घंगाळात औषध आहे."

"तेच म्हणतेय मी."

घमेल्यावरून उतरताना पंतांचा पाय घसरला आणि आकारामाने त्यांना, झाडावरून पडणारा नारळ झेलावा तसं झेललं. आकाराम हा कुंडलचा पैलवान. जत्रेतल्या एका कुस्तीत गुडघा गेल्यापासून तो पंतांच्या कारखान्यात होता. कारखान्यात माणसं एकूण तीन. चालक, मालक आणि शास्त्रज्ञ हे सगळे मिळून पंत, झाडून सगळी यंत्रसामग्री म्हणजे आकाराम, आणि विरोधी पक्ष प्रमोदिनीबाई.

आता हे पंत एकाएकी भविष्यकाळात कसे शिरले ते सांगायला हवं. सहा महिन्यांपूर्वीपर्यंत ते चांगले वर्तमानकाळात, गणपती पेठेतल्या डॉक्टर आठल्यांच्या दवाखान्यात कंपाउंडर होते. बावीस वर्षं एकच स्टूल आणि एकच खिडकी. त्या खिडकीतून तीन औषधं मिळत : तांबडं, पांढरं आणि कडू. दुखणी हजार असली तरी शेवटी ती या तिघांपैकी कुणाकडे तरी येतातच, असा डॉक्टरांचा अनुभव होता. खिडकीवर पाटी होती, 'बाटली ज्याची त्याने आणावी.' अक्षर पंतांचंच, वळणदार. माणूस समोर आला की त्याचं नाव, गाव, दुखणं काहीएक न विचारता पंत खिडकीबाहेर हात काढून म्हणत, "बाटली?" माणूस पिशवीतून बाटली काढी. पंत ती हुंगत, विसळत, भरत, तिच्यावर मात्रांची कातरलेली कागदी पट्टी चिकटवत आणि परत देत. दुसऱ्या दिवशी तीच बाटली पुन्हा येई. बावीस वर्षांत एवढ्या बाटल्या त्यांच्या हाताखालून गेल्या की रात्री उशीला हात लागला तरी ते ती हलवून बघत, असं प्रमोदिनीबाई सांगत.

मग जपान्यांनी जावा बेट घेतलं. जगातलं बहुतेक क्विनाइन त्या बेटावरून येई. ते यायचं थांबलं, आणि उरलंसुरलं पलटणींकडे गेलं. गणपती पेठेत याचा परिणाम एवढाच झाला, की कडू औषध आता नुसतंच कडू राहिलं.

डॉक्टरांनी हे शांतपणे घेतलं. पंतांनी नाही.

"डॉक्टर, हुडहुडी भरायची सांगलीच्या माणसाला, आणि औषध यायचं जावाहून! मधली एक कडी तुटली की सगळी साखळी गळ्यात! जिथला ताप तिथलंच औषध हवं. साल आपली, पाणी आपलं, कारखाना आपला. मी राजीनामा देतोय."

डॉक्टर एका म्हातारीच्या तोंडात थर्मामीटर धरून उभे होते. "कुठं निघालात?"

"पुढे."

"म्हणजे मिरजेला?"

"भविष्यकाळात."

डॉक्टरांनी थर्मामीटर काढून उजेडाला धरला. "बरं. दिवाळीपर्यंत स्टूल रिकामं ठेवतो. पाडव्यापासून मात्र दुसरा माणूस बसवीन. खिडकी किती दिवस बंद ठेवणार?"

पंत ताठ मानेने बाहेर पडले. पण त्या दिवसापासून त्यांना दोन धास्त्या लागल्या. आपल्याला त्या स्टुलावर परत बसावं लागेल ही एक, आणि त्यावर दुसरा कुणी बसलेला दिसेल ही दुसरी. पहिली ते सगळ्यांना सांगत. दुसरी त्यांनी प्रमोदिनीबाईंनाही सांगितली नव्हती.

कारखान्याचं नाव ठरलं 'भावी भारत औषधी निर्माण मंडळी'. पडवीच्या भिंतीवर सातारा-सांगलीचा नकाशा लागला आणि त्यावर टाचण्या टोचून लाल लोकरीची साखळी ओढली गेली. लोकर प्रमोदिनीबाईंच्या विणायला घेतलेल्या स्वेटरची होती. स्वेटर तेव्हापासून एका बाहीचा आहे.

साखळी अशी. पाचगणीच्या घाटाखाली सातविणीची झाडं, त्यांची कडू साल तापावर चालते. तिथला जोतीराम हा लष्करातल्या खेचरांच्या तुकडीतून परत आलेला माणूस. तो साल काढायचा आणि बैलगाडीत घालून वाईला आणायचा. वाईहून साताऱ्याला, साताऱ्याहून रहिमतपूरच्या स्टेशनात, तिथून आगगाडीने सांगलीला. सांगलीत आकारामाने ती कुटायची, पंतांनी उकळायची, आणि औषध झालं की ते आगगाडीने परत रहिमतपूरला जायचं, कारण त्या साली ताप तिकडेच जास्त होता.

जोतीराम एकदा सालीबरोबर स्वतः आला तेव्हा त्याने कंबरेवर हात ठेवून नकाशा बराच वेळ बघितला.

"आवं पंत, साल रहिमतपुरावरनं जाती, आन औशिद बी रहिमतपुरालाच जातंय?"

"बरोबर."

"मग तितंच हांडा चढवला तर?"

"जोतीराम, त्याला काढा म्हणतात," पंत म्हणाले. "माल आधी लांब जाऊन परत आला, तरच त्याला उद्योगधंदा म्हणतात."

जोतीराम लष्करात राहिलेला होता. तिथे त्याने कोल्हापूरचा गूळ कराचीला जाऊन कोल्हापूरच्याच पलटणीत परत आलेला पाहिला होता. त्यामुळे त्याला हे लगेच पटलं.

सातारा इंग्रजांचा आणि सांगली संस्थानची, तेव्हा मध्ये जकात नाका आलाच. पहिल्या खेपेला तिथल्या कारकुनाने सालीची नोंद 'जळण' अशी केली. दुसऱ्या खेपेला 'मसाला'. तिसऱ्या खेपेला त्याने एक तुकडा चावून पाहिला, दोन वेळा चूळ भरली आणि 'इतर' असं लिहिलं. पंतांना 'इतर' फार आवडलं. भविष्यकाळाची नोंद पहिल्यांदा नेहमी 'इतर'मध्येच होते, असं ते म्हणाले.

आणि एक दिवस पत्र आलं. साताऱ्याकडे एक तापनिवारण समिती निघाली होती, तिचे प्रमुख लालासाहेब निकम. एका लग्नासाठी ते सांगलीला आले असताना पंतांनी त्यांना मांडवातच गाठून, श्रीखंडाच्या वाटीशेजारी काढ्याची वाटी ठेवली होती. लालासाहेबांनी अंधारात श्रीखंड समजून काढ्याचीच वाटी तोंडाला लावली. काढा त्यांच्या चांगलाच लक्षात राहिला. पत्रात लिहिलं होतं : 'आपले ज्वरावरील मिश्रण, बाटल्या तीनशे, दिवाळीआधीच्या बाजारादिवशी रहिमतपूर मुक्कामी हजर करावे. पसंत पडल्यास सालभराचे काम आपणांस मिळेल. हजर न झाल्यास तेच काम मुंबईच्या कंपनीस देण्यात येईल.'

पंतांनी पत्र अकरा वेळा वाचलं. दर वेळी 'मुंबईच्या' या शब्दाशी आले की ते चष्मा काढून पुसत. सालभराचं काम म्हणजे कारखाना उभा राहिला. काम गेलं म्हणजे स्टूल. मधलं काही नाही.

मग दहा दिवस त्या परसात जे झालं ते शेजाऱ्यांना अजून आठवतं. आकाराम पहाटे उठून मुसळाने साल कुटायला बसे. शेजारच्या घरातली भांडी फळीवरून खाली येत. पंत झारा घेऊन काढा ढवळत. सगळी आळी कडू झाली. प्रमोदिनीबाईंनी केलेल्या साध्या वरणालाही त्या आठवड्यात सातविणीची चव होती. अंघोळीला सगळे नदीवर जात. दहाव्या दिवशी तीन मोठे तांब्याचे हंडे गळ्यापर्यंत भरले, आणि त्याच दिवशी कोल्हापूरच्या छापखान्यातून लेबलं आली. तीनशे, दोनरंगी. वर उगवता सूर्य, खाली कारखाना, कारखान्याला उंच धुराडं. पंतांच्या कारखान्याला धुराडं नव्हतं. पण लेबल भविष्यकाळातलं होतं.

पंतांनी गव्हाच्या पिठाची खळ शिजवून आकारामापुढे ठेवली आणि लेबलांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला. बाजाराला पाच दिवस होते.

"चिकटव," पंत म्हणाले.

आकारामाने एका लेबलाला खळ लावली. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

"पंत, कशावर?"

"कशावर म्हणजे? बाटलीवर."

"कुटल्या?"

पंतांनी मान वर केली नाही. हात तेवढा पुढे आला, पंजा उघडला, आणि तोंडून बावीस वर्षांचा शब्द गेला : "बाटली?"

आकारामाने आपल्या मागे कुणी रोगी उभा आहे का ते वळून बघितलं. मागे पारिजातकाचं झाड होतं.

हात बराच वेळ तसाच राहिला. साल मोजली होती, पाणी मोजलं होतं, बैल मोजले होते. आगगाडीच्या वेळा पाठ होत्या. लेबल होतं, खळ होती. नकाशावर पाचगणीपासून रहिमतपूरपर्यंत लोकर पोचली होती. त्या सगळ्या साखळीत बाटलीला टाचणी नव्हती. कारण पंतांच्या लेखी बाटली ही तयार करायची, आणायची, मागवायची वस्तूच नव्हती. ती ताप आला की माणसाबरोबर आपोआप येते. घाम येतो तशी.

आकारामाच्या हातावर लेबल वाळलं. ते पुढे दोन दिवस निघालं नाही.

त्यानंतर पंतांनी सांगली पालथी घातली. औषधांच्या दुकानात बाटल्या नव्हत्या. काचेचा माल सगळा लष्कराकडे जात होता. जुन्या बाटल्या घेणारा एक म्हातारा बाजारात बसे. तो म्हणाला, "मीच चार महिने वाट बघतोय, कुणी विकायला काढील म्हणून." आळीतल्या घराघरांतून मागून एकोणीस बाटल्या जमल्या. त्यांत तीन अत्तराच्या, एक शाईची, एक इतकी बारीक मानेची की तिच्यात काय होतं आणि ते आत कसं गेलं हे कुणालाच सांगता आलं नाही, आणि एक ब्रँडीची. ब्रँडीची बाटली ज्यांनी दिली त्यांनी ती शेजारच्यांची आहे असं सांगितलं.

"आमच्या कुंडलला चला," आकाराम म्हणाला. "आमच्या आत्तीकडं हाय बाटली. लय मोठ्ठी. तिनं दिली की गावातल्या बाया बी देत्याल."

आकारामाची आत्या साळूबाई ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. पंतांनी आधी जावा बेटाची हकिगत सांगितली, मग साखळीची, मग मुंबईच्या कंपनीची. साळूबाईने सगळं ऐकून घेतलं. बाटलीचा शब्द निघाला तशी ती उठली, आणि कोनाड्यातली बाटली तिने पदराखाली घेतली.

"आवं, ही न्हेली तरच कंट्रोलवाला रॉकेल घालतोय. मोकळ्या हातानं गेल्यावर काय पदरात वतून घ्यू?"

"आत्ती, पंत तापाच्या औशिदासाटनं मागत्यात," आकाराम म्हणाला.

"मग ते औशिद मला कशात देनार?"

"बाटलीत."

"माज्याच?"

"व्हय."

"मग हितंच ऱ्हाऊ द्या की रं ती. न्हेऊन परत आणायचा हेलपाटा कशापायी?"

"बाई," पंत कळवळून म्हणाले, "प्रश्न हिंदुस्थानच्या भवितव्याचा आहे."

"आसंल की. पर चिमणीत रॉकेल घालाय लागतंय. भवितव्य घातल्यावर वात पेटत न्हाई."

कुंडलहून परत येताना आकाराम एवढंच म्हणाला, "आत्ती शाळंत गेली न्हाई, तवा आसं बोलती." शाळेत गेली असती तर ती काय बोलली असती, याची कल्पना पंतांना करवेना.

घरी आल्यावर ते नकाशासमोर बसून राहिले. बाजाराला तीन दिवस होते. प्रमोदिनीबाईंनी चहा आणून ठेवला आणि सहज विचारावं तसं विचारलं, "अहो, दवाखान्यातली ती पाटी कुणी लिहिली होती?"

"कुठली?"

"बाटली ज्याची त्याने आणावी."

"मी."

"मग आणतील की रहिमतपूरची माणसं. बावीस वर्षं सांगलीची आणतायतच ना?"

"छे! ही मागासलेली रीत. मी जी मोडायला निघालो तीच? पुढच्या काळातला रोगी बाटली हुंगून, विसळून, पिशवीतून घेऊन येणार?"

"नको तर नको," प्रमोदिनीबाई म्हणाल्या. "चहा निवतोय."

पंतांनी चहा प्यायला. अर्धा कप झाला तेव्हा त्यांचा चेहरा उजळायला लागला, आणि बशीतला शेवटचा घोट घेऊन ते उभे राहिले ते घमेलं शोधतच.

"प्रमोदिनी! मला एक गोष्ट सुचलीय. बाटली कारखान्याने करायची, लांब न्यायची, वाटेत फुटायची, हे सगळं जुनं झालं. औषध कारखान्याचं, पात्र रोग्याचं! याला म्हणायचं स्वपात्र योजना. अजून विलायतेतही हे कुणाला सुचलेलं नाही."

"खरंच," प्रमोदिनीबाई म्हणाल्या, आणि कपबशी उचलून आत गेल्या.

जोतीरामाला तार गेली. त्याने रहिमतपुरात आणि आसपासच्या गावांत दवंडी पिटवली की बाजाराला येताना बाटली आणा, तापाचं औषध फुकट. शेवटचा शब्द त्याने आपल्या मनाने घातला, आणि दवंडीतला तोच गावांना सगळ्यात मोठ्याने ऐकू गेला.

हंड्यांची तोंडं फडक्याने बांधून कणकेने लिंपली. प्रत्येक हंड्यावर पंतांनी एकेक लेबल चिकटवलं. उरलेली दोनशे शहाण्णव बरोबर घेतली. एक आकारामाच्या हातावर वाया गेलं होतं.

त्या दिवसांत साताऱ्याकडे सरकारं दोन होती, एक इंग्रजांचं कचेरीत आणि एक भूमिगतांचं रानात. त्यामुळे गाडीत जड आणि तोंड बांधलेलं काहीही दिसलं की पोलिसांना त्यात बाँब दिसे. कऱ्हाडच्या अलीकडे एक हवालदार डब्यात चढला आणि थेट हंड्यांपाशी आला.

"काय हाय यात?"

"भवितव्य," पंत म्हणाले.

हवालदार दोन पावलं मागे सरला. डब्यातली माणसं पलीकडच्या बाकांवर गेली.

"काढा हाय, साहेब," आकाराम घाईने म्हणाला. "तापावरचा. बगा की घिऊन."

हवालदाराने आकारामाला आधी पाजला. आकाराम दहा दिवस त्या वाफेत बसलेला होता, त्याला काही वाटलं नाही. मग हवालदाराने स्वतः एक पळी घेतली. त्याचं तोंड मिटलं ते कऱ्हाड गेलं तरी उघडलं नाही. जायला हरकत नाही, असं त्याने हातानेच सांगितलं. बाँब असता तर त्याला कदाचित बरं वाटलं असतं.

रहिमतपुरात बाजार फुलला होता. जोतीरामाने पिंपळाखाली एक खोकं उलटं टाकून ठेवलं होतं, आणि त्याच्यापुढे माणसंच माणसं. प्रत्येकाच्या हातात बाटली. रॉकेलची, तेलाची, मधाची, कुणाकडे सुगंधी केशतेलाची. एका फौजी पेन्शनराने मेसोपोटेमियाहून आणलेली चपटी बाटली छातीशी धरली होती. बनुबाई नावाच्या एका बाईने बाटली नाही म्हणून लोटी आणली होती. रांगेतल्यांनी तिला आधी परत पाठवलं आणि मग तिची काकुळत बघून तशीच आत घेतली.

पंत खोक्यावर बसले. हात पुढे झाला.

"बाटली?"

आणि मग ते थांबलेच नाहीत. हुंगायची, विसळायची, भरायची, पट्टी चिकटवायची, परत द्यायची. "रॉकेलची आहे ही, दोनदा विसळ." "अहो मावशी, हलवून घ्या, तळाचं सगळं तळालाच राहील." "दिवसातून तीन वेळा, उपाशीपोटी नको." आकाराम हंडा कलता धरून ओतत होता. लेबलं तशीच पिशवीत राहिली, कारण प्रत्येक बाटलीवर आधीच काहीतरी होतं. दुपार झाली तेव्हा दोन हंडे रिकामे होते. सहा महिन्यांत पंतांना एवढं बरं वाटलं नव्हतं. का वाटतंय याचा विचार करायला त्यांना फुरसत नव्हती, आणि ते बरंच झालं.

तेवढ्यात लालासाहेब निकम आले. मागे एक कारकून, त्याच्या काखेत वही.

"पंत, बाटल्या कुठायत?"

"त्या बघा ना," पंतांनी बाजारावरून हात फिरवला. "दोनशेच्या वर गेल्या, रांग अजून आहे. तीनशे सहज होतील."

"ह्या लोकांच्या झाल्या. आपल्या कुठायत?"

पंतांनी स्वपात्र योजना समजावून सांगितली. लालासाहेबांनी शांतपणे ऐकली. माणूस वाईट नव्हता. मध्येच त्याने एका म्हाताऱ्याच्या कपाळाला हात लावून पाहिला आणि त्याला रांगेत पुढे सरकवलं.

"पंत, मला पटतंय. पण समितीला बाटल्या मोजून घ्यायच्यात. बाटल्या हजर नाहीत, म्हणजे कागदावर औषध आलंच नाही."

"अहो, पण ते लोकांच्या पोटात चाललंय!"

"पोटात गेलेलं मोजता येत नाही."

"आणि ताप उतरला तर?"

"तापाची वही वेगळी आहे," कारकून म्हणाला.

लालासाहेबांनी खिशातून त्या पत्राची नक्कल काढली. त्यातली ओळ पंतांना पाठ होती. मुंबईच्या कंपनीचं नाव आता तिथे शाईने लिहिलं गेलं. रांगेत पुढे एक बाई पोराला कडेवर घेऊन उभी होती, पोर तापाने निखाऱ्यासारखं झालेलं. पंतांनी लालासाहेबांना हाताने जरा बाजूला केलं आणि म्हणाले, "बाटली?"

तिसरा हंडा दिवस मावळायच्या आत संपला.

सांगलीला परत आल्यावर प्रमोदिनीबाईंनी घंगाळ घासायला काढलं, आणि पंतांनी नकाशाकडे पाठ केली. वसुबारस गेली, धनत्रयोदशी गेली. आकाराम फटाके फुटल्यासारखा उगाच मोठ्याने हसून बोले, कुणी हसत नसे. लक्ष्मीपूजनाच्या सकाळी पंत नवं धोतर नेसले आणि जरा फिरून येतो म्हणाले. प्रमोदिनीबाईंनी त्यांचा जुना, औषधांच्या डागांचा कोट खुंटीवरून काढून दिला.

दवाखान्याची खिडकी उघडी होती. आणि आत, स्टुलावर, एक माणूस बसलेला होता.

पंत जागीच थांबले. काम गेलं तेव्हाही ते थांबले नव्हते. ते वळून निघालेच होते, तेवढ्यात आतून डॉक्टरांचा आवाज आला. "अहो पाटील, घेरी गेली असेल तर आता बाकावर बसा. ते यायचेत आज."

पंत आत गेले. डॉक्टरांनी फक्त कडू औषधाची बाटली त्यांच्याकडे सरकवली. "यात थोडी तुमची ती साल घालता येईल का बघा."

पुढची हकिगत जोतीरामाने आणली. मुंबईच्या तीनशे बाटल्या पौषात आल्या. पारदर्शक काचेच्या, लाखेने बंद केलेल्या, वर लेबल, कारखान्याला धुराडं. त्या वाटायला सुरुवात झाल्याबरोबर रहिमतपुरात तापाचे रोगी दुप्पट झाले. ज्यांना उभ्या जन्मात ताप आला नव्हता ते घोंगडी पांघरून थरथरत रांगेत उभे राहिले. बाटली हातात पडली की औषध पिंपळाच्या बुंध्यात रिकामं होई आणि बाटली रॉकेलच्या रांगेत जाई. लालासाहेबांच्या समितीने वर कळवलं की मुंबईचं औषध जनतेला अतिशय पसंत पडलं असून आणखी सहाशे बाटल्या तातडीने पाठवाव्यात. पिंपळाला मात्र त्या साली ताप आला नाही.

माघात साळूबाई भाच्याला भेटायला सांगलीला आली, आणि येताना हुडहुडी घेऊन आली. आकारामाने तिला दवाखान्यात आणलं. खिडकीतून हात बाहेर आला.

"बाटली?"

तिने पिशवीतून बाटली काढली. पारदर्शक काच, लाखेचा कपचा अजून मानेला, लेबलावर धुराडं. पंतांनी ती उजेडात धरली.

"ही कुठली, साळूबाई?"

"रहिमतपुरास्नं नणंदंनं धाडली. तिला चार गावल्या."

पंतांनी चष्मा पुसला. मुंबईहून रहिमतपूर, रहिमतपूरहून कुंडल, कुंडलहून सांगली. त्यांच्या डोळ्यांपुढे लाल लोकर सरसर उलगडत गेली. या वेळी तिच्यात एकही कडी तुटलेली नव्हती. ते स्टुलावरून उठून उभे राहिले.

"डॉक्टर, ऐकताय का? आकाराम, तूही ऐक! हीच ती साखळी! औषध इथं, बाटली तिथं, आणि दोन्ही जोडणारा दुवा कोण? रोगी! इथून पुढे जगातला कुठलाही कारखाना रोग्याशिवाय चालणार नाही. पुढच्या पन्नास वर्षांत सगळं जग याच वाटेनं जाईल, आणि साळूबाई, त्या जगातलं पहिलं पाऊल आज तुम्ही..."

"व्हय, व्हय," साळूबाई शाल घट्ट ओढून घेत म्हणाली. "पर पंत, बूच तेवढं दाबून बशिवा. मागल्या टायमाला समदं रॉकेल पिशवीत सांडलं हुतं."